दहावा मॉप

माणूस जन्माला येतो त्या क्षणी सगळं जग श्वास रोखून धरतं. हे वाक्य मी बाळंतपणाच्या आधी कधीतरी वहीत लिहून ठेवलं होतं आणि तेव्हा ते मला बरं वाटलं होतं. प्रत्यक्षात माझा मुलगा जन्मला तेव्हा माझ्या भोवतालच्या जगात सहा माणसं होती आणि त्यांतली दोन, एसीच्या रिमोटमधले सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात कोणी घातले, यावर बोलत होती. बाकीची चार कामात होती. श्वास रोखून धरलेलं माणूस मी एकटीच, आणि मलाही उशाशी बसलेल्या डॉक्टरबाईंनी लगेच सांगितलं, "श्वास घ्या हं. थांबवू नका, मॉनिटर ओरडतो."

मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. बाळ पोटात शेवटपर्यंत फिरलं नाही. डोकं वर, पाय खाली, खुर्चीत बसल्यासारखं. सोनोग्राफीत हे दिसल्यावर सिझेरियनची तारीख ठरली आणि कोपर स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी पसरली की पायाळू मूल येतंय. तळमजल्यावरच्या काकांच्या पाठीत अधूनमधून उसण भरते. पायाळू माणसाने पाय लावला की उसण जाते अशी त्यांची खात्री, त्यामुळे त्यांनी आधीच नंबर लावून ठेवला. मी म्हटलं, काका, हे मूल पोट कापून काढणार आहेत, ते पायाळू धरायचं की नाही यावर मतभेद होतील.

"पाय आधी बाहेर आले की झालं," काका म्हणाले. "रस्ता कुठला ते कोण विचारतंय?"

नर्सिंग होम डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला. खाली मिठाईचं दुकान, वर बाळंतपणं. जागा निवडणाऱ्याला धंदा कळत होता. दारावरच्या पाटीवर डॉक्टरांच्या पदव्या दोन ओळींत मावल्या नव्हत्या, म्हणून तिसऱ्या ओळीत उतरल्या होत्या. स्वागतकक्षाच्या भिंतीवर उगवता सूर्य, त्याखाली ओंजळ आणि ओंजळीखाली सेवेबद्दल एक वाक्य. अशा वाक्यांचं मला वावडं आहे. डॉक्टर स्वतः सत्कारमूर्ती व्यासपीठाकडे जातात तसे चालायचे, आणि बोलायचेही जवळपास तसंच.

"आज आपण एका नव्या जिवाचं स्वागत करणार आहोत," त्यांनी त्या सकाळी आम्हाला सांगितलं. आम्हाला म्हणजे मला, माझ्या नवऱ्याला, माझ्या आईला आणि औषधांची बॅग घेऊन कोपऱ्यात थांबलेल्या एका कंपनीच्या प्रतिनिधीला.

माझा नवरा वागळे इस्टेटमध्ये मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्याला नेमक्या मापात बोललेलं आवडतं. "किती वेळ लागेल साधारण?"

"वेळ आपल्या हातात नसतो," डॉक्टर म्हणाले. मग घड्याळ बघून म्हणाले, "पाऊण तास."

आई बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि मनातल्या मनात त्रिशरण म्हणू लागली. तिचे फक्त ओठ हलत होते.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई स्कूटरवरून आल्या. डोक्यावर हेल्मेट, खांद्याला एक जाडजूड काळी बॅग. सकाळी ठाण्यात एक ऑपरेशन उरकून आल्या होत्या, माझ्यानंतर दोन वाजता कल्याणला आणखी एक होतं. त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नाही. जिथून बोलावणं येईल तिथे जायचं, माणसाला झोपवायचं किंवा अर्धं झोपवायचं, पुन्हा सगळं होतं तसं परत द्यायचं आणि स्कूटर काढायची. त्यांनी आल्या आल्या हेल्मेट काढायच्या आधी मला विचारलं, "शेवटचं काय खाल्लंत?"

"रात्री आठला मुगाची खिचडी."

"सकाळी?"

"काही नाही."

"चहा?"

"नाही."

"अर्धा कप?"

"नाही."

"बिस्किट, पण ते खाणं नाही असं समजून?"

"नाही हो."

"ठीक. विचारावं लागतं. इथे अर्धा कप चहा कोणी धरतच नाही. दात हलतो का एखादा? घोरता का?"

नवऱ्याने दारातून मान हलवून होय सांगितलं. मला लग्नाच्या सातव्या वर्षी ही माहिती अशी मिळाली.

थिएटर मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. आमच्या ग्रंथालयातल्या नियतकालिकांच्या खोलीएवढं. आत जुनी हिंदी गाणी बारीक आवाजात लागली होती. मला टेबलावर पाय खाली सोडून बसवलं आणि छातीशी धरायला उशी दिली.

"हनुवटी खाली. पाठ बाहेर काढा, चिडलेल्या मांजरीसारखी."

नऊ महिन्यांच्या पोटासकट मांजर होणं अवघड आहे. पण बाईंचा हात पाठीवर होता, एकेक मणका चाचपत खाली जात होता, आणि त्या हाताला आपण कुठे चाललो आहोत हे पक्कं माहीत होतं. एक टोचणी, मग दुसरी, जेमतेम कळली अशी. "झालं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "बघा आता."

आधी तळपाय गरम झाले, कढत पाण्यात सोडल्यासारखे. मग जड झाले. मग माझे राहिले नाहीत. मी अंगठ्याला हल म्हणून सांगितलं. निरोप गेला, पण तिकडे घ्यायला कोणी नव्हतं. मला आडवं करताना तिथल्या मावशींनी माझा डावा पाय उचलून टेबलावर ठेवला. तो माझ्या डोळ्यांसमोरून गेला आणि एखाद्या अनोळखी बाईचा पाय असावा तशी मी सभ्यपणे नजर वळवली.

बाईंनी ओला बोळा पोटावर फिरवला. "गार लागतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"आता दुखणार नाही, पण कळेल. गादीत कापूस भरताना गादीला जसं वाटत असेल तसं वाटेल."

वेदना या विषयावर माणसांनी काय काय लिहून ठेवलंय त्यातलं बरंच माझ्या हाताखालून गेलं आहे. धर्मग्रंथ, तत्त्वज्ञान, संतचरित्रं, सगळ्यांनी तिला अर्थ दिला आहे, सहन कसं करावं ते सांगितलं आहे. आणि इथे स्कूटरवरून आलेल्या एका बाईने चमचाभराहून कमी औषध दोन मणक्यांच्या मधे सोडून तो विषय कमरेखाली रद्द केला होता. मी छताकडे बघत पडले आणि मला जरा लाजल्यासारखं झालं. त्या ग्रंथांच्या वतीने.

छातीपाशी हिरवा पडदा उभा राहिला. त्याच्या पलीकडे सर्जन डॉक्टर, त्यांचे एक तरुण मदतनीस डॉक्टर आणि एक सिस्टर. पडद्याच्या अलीकडे मी आणि भूल देणाऱ्या बाई. मावशी दोन्हीकडे. कोपऱ्यात दिव्याखालच्या छोट्या पाळण्यापाशी बाळाचे डॉक्टर.

सिस्टरना मी पडदा लागायच्या आधी पाहिलं होतं. पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा दोरीने मागे बांधलेला. ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती पाड्यातल्या, घरी अजून भातशेती. मला त्या 'बाय' म्हणत. "घाबरू नको बाय, आज सगळी डोकी ठिकाणावर असलेली माणसं आहेत." मग सर्जन आत आले तेव्हा, "आता सगळीच नाहीत म्हणा," असं हळूच. हात धुतल्यावर त्या कशाला शिवायच्या नाहीत. दोन्ही हात छातीपाशी धरून उभ्या राहिल्या, कोणाची तरी वाट बघत असल्यासारख्या.

कापण्याआधी त्यांनी मोजलं. मोठ्याने. चिमटे, कात्र्या, सुया. मग मॉप. मॉप म्हणजे मोठ्या रुमालाएवढी जाड पांढरी फडकी, आतलं रक्त टिपायला वापरतात. एका कोपऱ्याला नाडी शिवलेली असते आणि विणीत एक निळा धागा, जो एक्स-रेत दिसतो. "मॉप दहा," सिस्टर म्हणाल्या. "दहा," मावशींनी म्हटलं आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर मार्करने दहा लिहिले. गाणं चालू होतं. मला हे सगळं ओळखीचं वाटलं. आमच्याकडे दर वर्षी पुस्तकांची मोजदाद होते. दर वर्षी काहीतरी कमी भरतं. आम्ही 'गहाळ' असा शिक्का मारतो आणि पुढे जातो.

मग मी गादी झाले. कोणीतरी माझ्यात हात घालून दाबत, ओढत, हलवत होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं, फक्त बातमी कळत होती. सेलचा वाद मिटला नव्हता. सर्जन म्हणाले, "पाय. दोन्ही. हळू." बाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला. कोणीतरी माझ्या छातीवरून वजन उचलून नेल्यासारखं झालं आणि मग पडद्यापलीकडून आवाज आला, कर्कश, भांडखोर, याआधी या जगात कोणी काढला नव्हता असा.

"मुलगा," सर्जन म्हणाले, आणि एवढंच म्हणाले. भाषण विसरले असावेत. मग सगळे एकदम बोलू लागले. सक्शन. लाईट इकडे. एक कोरडं द्या. चांगला रडतोय. वेळ लिहा. बाळाच्या डॉक्टरांनी त्याला माझ्या गालाला लावून क्षणभर दाखवलं. एक चिडलेला ओला चेहरा. थोड्या वेळाने मावशी त्याला गुंडाळून बाहेरच्यांना दाखवायला घेऊन गेल्या. बाळाचे डॉक्टर आपल्या ओपीडीला निघून गेले. मी रडत होते. बाईंनी कापसाने माझे डोळे पुसले आणि तो कापूसही नीट बघून बाजूच्या डब्यात टाकला.

मग सिस्टर मोजू लागल्या. जमिनीवर पसरलेल्या प्लॅस्टिकवर वापरलेले मॉप ओळीने मांडलेले होते. एक ते सहा. त्यांच्या ट्रेवर कोरे. सात, आठ, नऊ.

"सर, नऊ."

"परत मोजा."

परत मोजले. "नऊ."

गाण्यातलं कडवं संपलं. पलीकडे हालचाल झाली आणि माझं अंग टेबलावर डावी-उजवीकडे हललं. मोठ्या पिशवीत हात घालून किल्ली शोधावी तसं. बराच वेळ.

"आत नाही," सर्जन म्हणाले. पुन्हा एकदा तसंच हललं. "नाही. खाली कुठेतरी पडला असेल. सिस्टर, टाका द्या."

"काउंट लागत नाही, सर."

"मी दोनदा बघितलंय."

"होय, सर."

"मग द्या."

"काउंट लागला की देते."

बाईंनी हात लांब करून गाणं बंद केलं. एसीचा आणि माझ्या मॉनिटरचा आवाज तेवढा राहिला.

"सिस्टर, हे माझं थिएटर आहे."

"होय, सर. मॉपपण तुमचेच. दहा होते."

एखादं वाक्य ऐकू येतं आणि त्याचा अर्थ दोन पावलं मागून येतो. माझं पोट उघडं होतं. ते शिवण्यासाठी जी सुई लागते ती सिस्टरच्या हातात होती. पाटीवर तीन ओळी पदव्या असलेल्या माणसाने हात पुढे केला होता आणि पाटीवर अक्षरही नसलेल्या बाईने त्यावर काही ठेवलं नव्हतं.

"काय झालं?" मी बाईंना विचारलं.

त्या खोटं बोलल्या नाहीत. मान खाली करून माझ्या कानाशी म्हणाल्या, "एक फडकं मोजणीत कमी आहे. बहुतेक आत नाही. पण बहुतेकवर पोट शिवत नाहीत."

"आत असेल तर?"

"तर आत्ताच काढलेलं बरं. राहिलं तर ताप, पू, पुन्हा ऑपरेशन." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "एक्स-रे मशीन शेजारच्या बिल्डिंगमधून मागवतो. यायला अर्धा तास. तुमची भूल तोपर्यंत पुरेल. नाही पुरली तर मी झोपवीन. दुखू देणार नाही, ते माझ्याकडे लागलं."

आमच्या ग्रंथालयातला तो शिक्का मला तेव्हा आठवला. इथे तसा शिक्का नव्हता. गहाळ असं लिहून पुढे जाण्याची सोय या खोलीत कोणी ठेवली नव्हती, आणि पंधरा-वीस मिनिटांच्या एका मुलाची आई असल्यामुळे मला त्याबद्दल कृतज्ञता वाटायला हवी होती. मला फक्त भीती वाटत होती.

बाईंनी एक्स-रेवाल्याला फोन केला. तो ठेवतात तोच कल्याणहून त्यांना फोन आला. "पेशंटला टेबलावर घेऊ नका अजून," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल... किती म्हणजे? एक मॉप." आणि फोन ठेवला. मग त्या मोबाईलचा टॉर्च लावून गुडघ्यांवर बसल्या आणि टेबलाखाली शिरल्या. तरुण डॉक्टरांचे हात धुतलेले, त्यांना कशाला शिवायची मुभा नव्हती, म्हणून ते उभ्या उभ्या दिशा दाखवत होते. "मॅडम, पेडलच्या मागे. सरांच्या पायाखाली बघा."

"सर, पाय उचला," टेबलाखालून आवाज आला.

सर्जननी पाय उचलला.

"दुसरा."

दुसरा उचलला. तळवे स्वच्छ होते. कचऱ्याचे डबे उपडे झाले. लाल पिशवी, पिवळी पिशवी, दोन्ही चिमट्याने तपासून झाल्या. नऊ हे नऊच राहिले.

"मी अजून एकदा आत बघतो," सर्जन म्हणाले. त्या आवाजात सत्कारमूर्ती नव्हता. सकाळपासून पहिल्यांदाच तो काम करणाऱ्या माणसाचा आवाज होता. "सिस्टर, तुम्ही माझ्याबरोबर बघा. लाईट इथे घ्या." त्यांनी आतडी एकेक इंच हातातून सोडत नेली. हे मला नंतर कळलं; तेव्हा फक्त एवढं कळत होतं की कोणीतरी फार हळू, फार सावकाश, माझ्यात वाचतंय. ओळीवर बोट ठेवून, एकही शब्द न गाळता. मी हजारो माणसांना वाचताना पाहिलं आहे. असं वाचणारा मला दुसरा भेटलेला नाही.

"नाही," ते म्हणाले.

"होय, सर. आत नाही," सिस्टर म्हणाल्या. पण सुई दिली नाही.

एवढ्यात दार उघडलं आणि मावशी बाळाला घेऊन आल्या. "सोडतच नव्हते हो. फोटोवर फोटो. आजीच्या हातातून तर काढून घ्यावं लागलं. घ्या ताई, बघा तुमचा राजा."

"मावशी, तिथेच थांबा," तरुण डॉक्टर म्हणाले. "मॉप हरवलाय. एक कमी आहे."

"अगं बाई. खाली बघितला का?" असं म्हणून मावशींनी बाळ एका हातावर तोललं आणि दुसऱ्या हाताने माझ्या टेबलाची चादर उचलून स्वतःही वाकल्या. त्या मनापासून शोधत होत्या. सगळीच माणसं खाली बघत होती, मी सोडून; आणि मी फक्त छत बघू शकत होते.

टेबलाखालचा टॉर्च वर वळला. बाई गुडघ्यांवर होत्या, त्यामुळे बाळाचं डोकं त्यांच्या नाकासमोर आलं.

"मावशी, हे टोपडं कुठलं?"

"हे?" मावशी खुशीत आल्या. "छान बसलंय ना? यांची दुपट्यांची पिशवी रिक्षात राहिलेली, अंगावर घालायला काही नाही. बाळाचे डॉक्टर म्हणाले, डोकं झाका, एसी आहे. त्यांच्या हातात हे होतं, कोरडं. नाडीपण होती. दुमडलं आणि बांधलं."

बाई उठल्या. गुडघे झटकले. "सिस्टर," त्या म्हणाल्या, "निळा धागा आहे याला."

मला वाटलं आता कोणीतरी मावशींवर ओरडणार. पण आधी सिस्टर बोलल्या.

"मीच दिला," त्या म्हणाल्या. कोणी विचारलं नव्हतं. "बाळाच्या डॉक्टरांनी एक कोरडं मागितलं. मी ट्रेवरचा उचलून दिला. मागितलं की हात जातो, सर. माझी चूक."

अठ्ठावीस वर्षं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं, त्या असं उभं राहून मागितलेली वस्तू मागणाऱ्याच्या हातात ठेवत आल्या आहेत. बोलणाऱ्याकडे बघत नाहीत, हात बघतात. काहीजण मागतही नाहीत, नुसता पंजा उघडतात, आणि त्यात नेमकी हवी ती कात्री येऊन बसते. तो हात मेंदूला विचारत नाही. म्हणून ऑपरेशन पाऊण तासात होतं. आणि म्हणूनच तो मॉप गेला.

मावशींनी नाडी सोडली. मॉप प्लॅस्टिकवर ओळीत शेवटी ठेवला गेला, पांढरा, जवळजवळ कोरा, मधोमध डोक्याच्या आकाराचा खळगा. माझ्या मुलाने टोपड्यासाठी भोकाड पसरलं. बाईंनी त्याचं डोकं आपल्या रुमालाने झाकलं आणि एक्स-रेवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

"काउंट?" सर्जननी विचारलं.

"दहा, सर."

"आता टाका मिळेल का?"

"घ्या, सर."

सर्जनना हवं असतं तर तेव्हा बरंच बोलता आलं असतं. पंचवीस मिनिटं त्यांना अडवून ठेवणाऱ्या बाईनेच ते फडकं हरवलं होतं, आणि ती त्यांच्या पगारावर होती. ते शिवत राहिले. दोन-तीन टाके झाल्यावर म्हणाले, "गाणं लावा कोणीतरी." एवढंच.

संध्याकाळी सिस्टर वॉर्डमध्ये आल्या. ड्युटी संपली होती, साडी नेसलेल्या, हातात जेवणाचा रिकामा डबा. मी विचारलं, सर नंतर रागावले का?

"रागावतात ना. रोज रागावतात. आज जरा कमी."

"तुम्ही कबूल केलंत सगळ्यांसमोर."

"कबूल काय त्यात, बाय. सांगितलं नसतं तर पुढच्या वेळेला परत हात गेला असता." त्यांनी बाळाच्या पायांकडे पाहिलं, अंगठा धरून बघितला. "आता बाळाच्या डॉक्टरांना सांगितलंय, बाळासाठी टॉवेल वेगळे ठेवा, मोजणीतलं मागू नका. ऐकतील की नाही माहीत नाही."

मी त्यांना म्हटलं की मला त्यांचं फार कौतुक वाटलं. वाक्य तोंडातून निघताच फुलांच्या गुच्छासारखं वाटलं. त्यांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच विषय बदलला आणि माझी लघवीची पिशवी किती भरली ते बघितलं.

भूल देणाऱ्या बाई तोपर्यंत कल्याणहून घरी पोचल्या असतील. माझे पाय संध्याकाळी एकेक बोट करत परत आले. आधी अंगठा, मग बाकीचे, सगळे पोच दिल्यासारखे. मी त्यांना हाताने चाचपत बसले. ही माणसं हे रोज करतात, दुपारच्या जेवणाआधी, सेलवरून वाद घालत. माणसाला अर्धं काढून ठेवतात, उघडतात, एकातून दुसरं माणूस बाहेर काढतात, आतल्या सगळ्या वस्तू मोजतात, बंद करतात, अर्धं परत देतात. मला चमत्कार या शब्दाची चीड आहे आणि त्या संध्याकाळी मला दुसरा शब्द सापडत नव्हता. अजूनही सापडलेला नाही. जवळात जवळचा शब्द 'काउंट' आहे, पण तो कोणी पत्रिकेवर छापणार नाही.

दुसऱ्या दिवशी सर्जन राउंडला आले, चाल पुन्हा सत्कारमूर्तीची. निसर्गाच्या कृपेने सारं सुरळीत पार पडलं, असं त्यांनी आईला सांगितलं. आई त्यांना म्हणाली, बाळाचं ते पहिलं टोपडं जपून ठेवायला मिळेल का. डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेलं, ती न्यायची गाडी सकाळीच येते.

फोटो मात्र आहे. बाकावर बसलेली आई, डोळे पुसायचेही विसरलेली, आणि तिच्या हातात हनुवटीखाली नाडीची सुरेख गाठ बांधलेलं बाळ. आत आम्ही नवापर्यंत मोजत होतो तेव्हा नवऱ्याने तो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. सगळ्यांनी हात जोडले, दोघांनी दिवे पाठवले. कल्याणच्या आत्यांना नातीसाठी तसंच टोपडं हवं होतं, कुठे मिळतं असं त्यांनी विचारलं. मी त्यांना लिहिलं की पाचाच्या पाकिटात येतात, सुटं मिळत नाही.